शिक्षकांच्या पायांत काय असावे?

सामना पाहताना आपले लक्ष खेळाडूंच्या पायांकडे असते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शिक्षकांच्या पायांकडे कोणी पाहत नाही. गडावर सहल निघते तेव्हाही हेच घडते. मुलांनी काय घालून यावे याची सूचना फळ्यावर लिहिली जाते; पण ज्यांच्या भरवशावर चाळीस मुले चढणार आणि उतरणार, त्या शिक्षकांनी काय घालावे याचा विचार मात्र राहून जातो.

अशी कल्पना करा, की तुमचे क्रीडाशिक्षक शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल शिकवतात आणि रविवारी तुम्हां सर्वांना घेऊन गुंजवण्याला जातात. गुंजवणे हे पुणे जिल्ह्यातील राजगडाच्या पायथ्याचे गाव. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळले, की मार्गासनी आणि साखर या गावांवरून तेथे जाता येते. गावातून निघणारी पायवाट चोरदरवाजातून थेट पद्मावती माचीवर पोहोचते. रायगडापूर्वी हाच गड शिवाजी महाराजांची राजधानी होता. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या बारांतही राजगड आहे. साहजिकच या वाटेवर शाळांच्या सहली पुष्कळ येतात.

आता प्रश्न असा, की शनिवारचेच बूट रविवारी चालतील का? आणि चालत नसतील, तर शिक्षकांनी महागडे नवे बूट घ्यायलाच हवेत का? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत शोधण्यापेक्षा पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोधू या. त्यासाठी लागणारे प्रकरण तुम्ही शिकलेला आहात. त्याचे नाव घर्षण.

घर्षण नसते तर?

चालताना आपण पायाने जमीन मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पण जमिनीला मागे ढकलण्यासाठी पाय तिच्यावर टिकायला हवा, आणि तो टिकवण्याचे काम घर्षण करते. तेलकट फरशीवर चालणाऱ्या माणसाची जी त्रेधा उडते, ती घर्षणाच्या अभावी.

फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ याने १६९९ साली घर्षणाचे नियम मांडले. त्यांचा सारांश असा, की एक वस्तू दुसरीवर दाबून धरली असता त्यांच्यातील घर्षण त्या दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात वाढते. घर्षणाच्या सर्वाधिक बलाला दाबणाऱ्या बलाने भागले, की येणाऱ्या संख्येला घर्षणांक म्हणतात. घर्षणांक एकट्या बुटाचा नसतो आणि एकट्या खडकाचाही नसतो. तो त्या जोडीचा असतो. बुटाच्या खोक्यावर तो छापता येत नाही, याचे कारण हेच. पुढील सर्व विवेचनाचे सारही याच एका वाक्यात आहे.

उतारावर या संख्येला फार सोपा अर्थ प्राप्त होतो. फळी हळूहळू तिरपी करत गेलो, तर एका विशिष्ट कोनाला तिच्यावरची वस्तू घसरू लागते. त्या कोनाची टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक. घर्षणांक ०.७ असेल, तर सुमारे ३५ अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकेल. तो ०.३५ वर आला, तर १९ अंशांच्या थोडे पुढे गेल्यावरच पाय सुटेल. या सूत्रात वस्तुमान कोठेच येत नाही, हेही ध्यानात घ्या. सारखेच बूट घातलेला सहावीतील हडकुळा मुलगा आणि भारदस्त मुख्याध्यापक दोघेही साधारण एकाच कोनाला घसरतील! ‘माझे वजन जास्त, म्हणून माझा पाय घट्ट बसतो’ ही समजूत खरी नाही.

शनिवार : मातीचे मैदान

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका सभागृहात झाला. जॉर्ज हॅनकॉक याने मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली, अशी या खेळाची जन्मकथा आहे. पुढे हा खेळ मैदानावर आला. आज महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांतही तो खेळला जातो. यात एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असते. एवढ्या थोड्या अंतरात खेळाडूला भरधाव सुटायचे असते आणि प्रसंगी तितक्याच झपाट्याने थांबायचे असते. मातीचा वरचा थर तर भुसभुशीत असतो. गुळगुळीत तळव्याचा बूट त्या थरासकट सरकतो. म्हणून खेळाडूंच्या बुटांना खाली खुंट्या किंवा खिळे असतात. ते मातीत रुततात. आता पाय सरकायचा, तर खुंट्यांपुढची माती फोडूनच सरकावे लागेल. म्हणजे येथे पकड मिळते ती मातीच्या मजबुतीमुळे. मोठे खेळाडू धातूचे खिळे वापरतात. लहान मुलांच्या स्पर्धांत मात्र इजेच्या भीतीने त्यांना सहसा मनाई असते.

पण शिक्षकांचे काम खेळाडूसारखे नसते. ते दोन-तीन तास उभे असतात, थोडे चालतात आणि क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी बॅटने चेंडूमागून चेंडू मारत राहतात. प्रत्येक फटक्याला त्यांचे शरीर कमरेपासून वळते आणि पाऊल जमिनीवर थोडे फिरते. खिळे खोल रुतलेले असतील, तर पाऊल फिरणार नाही. मग वळणाऱ्या शरीराचा पीळ कोठे जाईल? तो गुडघ्यावर जाईल. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. पीळ सहन करण्याची त्याची शक्ती बेताचीच असते. तेव्हा घर्षण जितके अधिक तितके चांगले, असेही नाही. पाय पुढे-मागे सरकू नये, पण फटक्याबरोबर फिरावा, इतपतच पकड शिक्षकांना हवी असते. म्हणून त्यांनी अनेक बुटक्या रबरी खुंट्यांचा, सपाट आणि रुंद तळव्याचा बूट घालावा. टाच फार उंच नको. टाच उंच झाली, की शरीराचा भार चवड्यावर जातो आणि तासाभरातच पोटऱ्या बोलू लागतात.

रविवार : गुंजवण्याची वाट

आता दुसऱ्या दिवशी याच बुटांनी राजगडाकडे निघू या. गावाबाहेर पडल्यावर वाट प्रथम मातीची आणि झाडीतून जाणारी आहे. पुढे ती उघड्या सोंडेवर येते आणि चढ वाढत जातो. चोरदरवाजाच्या खाली तर ती चांगलीच उभी होते. तेथे उघड्या कातळातल्या पायऱ्या आणि खोबणी असून आधारासाठी लोखंडी कठडे बसवलेले आहेत.

सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो तयार झाला. ऊन, पाऊस आणि हवा यांनी तो झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. या वाटेवरची खरी अडचण येथे आहे. खाली कठीण कातळ आणि त्यावर मुरुमाचे सुटे, गोलसर खडे, असा थर जागोजाग पसरलेला असतो. सायकलच्या चाकातले छर्रे आठवा. बुटाचा तळवा आणि कातळ यांच्यामध्ये हे खडे छर्र्यांसारखे फिरतात, आणि घसरण्याऐवजी गडगडणे सुरू होते. लोटण्याचे घर्षण सरकण्याच्या घर्षणापेक्षा पुष्कळच कमी असते. कोरड्या ठणठणीत वाटेवरही पाय का सटकतो, याचे कोडे येथे उलगडते.

अशा जागी खोल खाचांचा तळवा उपयोगी पडतो. सुटे खडे खाचांत शिरतात आणि खाचांमधले रबरी उंचवटे खालच्या कातळापर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात याच खाचांतून पाणी आणि चिखल बाहेर पडतो. खाचा अगदी अरुंद असतील, तर त्या चिखलाने भरून जातात आणि तळवा पुन्हा गुळगुळीत होतो.

आणि खिळ्यांचे बूट? मातीत त्यांचा जो गुण होता, तोच कातळावर दोष ठरतो. खिळा बेसॉल्टमध्ये रुतत नाही. मग शरीराचा सारा भार धातूच्या पाच-सहा टोकांवर येतो. कठीण धातू आणि कठीण दगड यांचा स्पर्श फारच थोड्या जागी होतो. गुळगुळीत पायरीवर असे बूट घालून उभे राहणे म्हणजे घसरगुंडीला आमंत्रण देणे होय.

रबर का धरते?

रबराची गोष्ट वेगळी आहे. वरून सपाट दिसणारा कातळ भिंगाखाली पाहिला, तर त्यावर बारीक टेकड्या आणि दऱ्या दिसतात. दाबाखाली मऊ रबर त्या दऱ्यांत शिरते. पाय सरकू लागला, की रबराला एका दरीतून बाहेर पडून पुढच्या टेकडीवरून वाकत जावे लागते. या वाकण्यात ऊर्जा खर्च होते आणि तिचे रूपांतर उष्णतेत होते. ही खर्च होणारी ऊर्जा आणि रबर-कातळ यांच्यातील रेणूंची परस्परांना असलेली ओढ, या दोन्हींमुळे रबराची पकड बसते. म्हणूनच रबर आमाँताँचे नियम तंतोतंत पाळत नाही. त्याच्या बाबतीत दाब, तापमान आणि वेग यांनुसार घर्षणांक थोडाफार बदलतो.

कातळ ओला झाला, की पाण्याचा पातळ थर रबर आणि दगड यांच्यामध्ये येतो. त्यावर शेवाळ धरले असेल, तर त्या दऱ्या बुळबुळीत लगद्याने भरलेल्या असतात. मग उत्तमोत्तम रबरही हतबल होते. शेवाळलेल्या पायरीवर कोणता बूट चालतो, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही’ हे आहे. तेथे बाजूची खडबडीत जागा शोधावी, कठडा धरावा आणि पावले लहान टाकावीत.

डोंगरात रबरी तळवा वापरण्याची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी युरोपातील गिर्यारोहक चामड्याच्या बुटांना खाली लोखंडी खिळे ठोकत. १९३५ साली आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी याचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. त्यांची पादत्राणे त्या हवामानाला आणि वाटेला अपुरी होती, हे त्या दुर्घटनेचे एक कारण मानले गेले. ब्रामानीने हा विषय मनावर घेतला आणि १९३७ साली खोल खाचांचा व्हल्कनाइज्ड रबराचा तळवा तयार केला. त्याच्या नावातील आद्याक्षरे जोडून त्या तळव्याला ‘व्हिब्रम’ हे नाव मिळाले. १९५४ साली के-टू या जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियन तुकडीच्या बुटांना असेच तळवे होते. आज दुकानात दिसणारे खाचांचे तळवे त्याच कुळातले.

उतरताना गुडघा हीच खरी स्प्रिंग

चढण्यापेक्षा उतरण्यात धोका अधिक. का, ते एका हिशोबाने पाहू. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाने ४० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून खाली उडी टाकली असे समजा. त्याच्याजवळ ५० × ९.८ × ०.४, म्हणजे १९६ ज्यूल ऊर्जा असेल आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर असेल. ही ऊर्जा कोठे तरी जिरली पाहिजे. गुडघे वाकवून त्याने शरीर १० सेंटिमीटर अंतरात थांबवले, तर स्वतःच्या वजनाखेरीज सरासरी १,९६० न्यूटन बल त्याला सोसावे लागेल. म्हणजे वजनाच्या चौपट. गुडघे ताठ ठेवले आणि केवळ बुटाच्या तळव्याच्या एका सेंटिमीटर दबण्यावर भिस्त ठेवली, तर तेच बल दहापट होईल!

या हिशोबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, जाड आणि मऊ तळवा मदत करतो, पण उत्तम स्प्रिंग आपल्या गुडघ्यातच आहे. दुसरी, उडी मारूच नये. एक पाय वर रोखून दुसरा सावकाश खाली टेकवला, की वरच्या पायाचे स्नायू बरीचशी ऊर्जा आधीच जिरवतात.

उतरताना आणखी एक गोष्ट घडते. पाऊल बुटात पुढे सरकते आणि बोटे पुढच्या टोकावर आदळतात. राजगड उतरेपर्यंत हे हजारो वेळा घडते आणि अंगठ्याचे नख काळे पडते. म्हणून बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण टाच मात्र घट्ट बसायला हवी. टाच सैल असली, की तेथे कातडे घासते आणि फोड येतो. ओल्या कातड्यावर तो लवकर येतो. तेव्हा पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवण्याने जेवढे काम होते, तेवढे किमती बुटानेही होत नाही.

पाट्यावरचा प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरातल्या तीन-चार जोडांपैकी राजगडासाठी कोणता निवडावा? त्यासाठी राजगडाचा तुकडा घरी आणण्याची गरज नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरात असण्याचा संभव आहे. आपल्याकडचे पाटे-वरवंटे बहुधा याच काळ्या बेसॉल्टचे असतात. अडगळीत पडलेला, वापरून गुळगुळीत झालेला एखादा पाटा मिळवा. वापरातला पाटा मात्र आजीची परवानगी काढल्याशिवाय घेऊ नका!

पाटा सपाट जागी ठेवा. एका बुटात वाळूची पुरचुंडी ठेवा आणि बूट व वाळू यांचे मिळून वजन काट्यावर करा. ते २ किलोग्रॅम आले असे समजू. बुटाला दोरी बांधून शाळेच्या प्रयोगशाळेतील स्प्रिंगकाटा तिला अडकवा आणि बूट पाट्यावर आडवा, सावकाश ओढा. बूट हलण्याच्या अगदी आधी काटा किती दाखवतो, ते टिपून घ्या. काट्याने १.४ किलोग्रॅम दाखवले, तर घर्षणांक १.४ भागिले २, म्हणजे ०.७. प्रत्येक वाचन पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. त्यानंतर हाच प्रयोग पाटा ओला करून, मग त्यावर मातीचा चिखल पसरून आणि शेवटी चिमूटभर कोरडा मुरूम टाकून करा. वहीत चार रकाने आखा : कोरडा, ओला, चिखल, मुरूम. प्रत्येक जोडासाठी एक ओळ लिहा.

तुम्हांला असे दिसण्याचा संभव आहे, की एका रकान्यात पहिला आलेला जोड दुसऱ्या रकान्यात मागे पडतो. झिजून गुळगुळीत झालेली मऊ रबराची चप्पल कोरड्या पाट्यावर चांगली पकड दाखवील, पण चिखलात तिचे काही चालणार नाही. तुम्हांला मग असा जोड निवडायचा आहे, जो कोणत्याच रकान्यात फार खाली जात नाही. वाटेवर पाय कोठे पडेल हे आधी ठरवता येत नाही. म्हणून सरासरीपेक्षा सर्वांत वाईट आकडा महत्त्वाचा.

प्रयोग संपल्यावर पाटा स्वच्छ धुऊन जागच्या जागी ठेवावा, हे सांगायला नकोच.

जुना बूट, नवा बूट आणि टायरची चप्पल

आणखी काही गोष्टी पाट्यावर कळत नाहीत, त्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासाव्यात. रबर वर्षानुवर्षे हवेत राहिले, की प्राणवायूशी संयोग होऊन कडक होते. नखाने दाबून पाहा; कडक, तडे गेलेला तळवा कातळाच्या बारीक दऱ्यांत शिरणार नाही. पुष्कळ बुटांत तळव्याच्या वर पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. दमट हवेत पाण्याच्या वाफेची त्याच्यावर रासायनिक क्रिया होऊन तो आतून ठिसूळ होतो. तीन-चार पावसाळे कपाटात पडून राहिलेला, दिसायला नवाकोरा बूट गडावर अचानक तळवा सोडतो, तो यामुळे. सहलीच्या आठवडाभर आधी असा बूट घालून शाळेचे जिने चार-सहा वेळा चढून उतरावे. तळवा वाकवून पाहावा. नवा बूट घेतला असेल, तर तोही आधी आठवडाभर पायाला सरावू द्यावा. बूट विकत घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते आणि गडावर ते तसेच फुगते. बूट निष्कारण जडही नको. प्रत्येक पावलाला तो उचलावा, पुढे न्यावा आणि थांबवावा लागतो. म्हणून पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा अधिक दमवते.

येथे तुम्ही विचाराल, की सर, गडावर ताक आणि लिंबूसरबत घेऊन येणारी खालच्या गावांतली माणसे तर साध्या चपलांनी चढतात, त्यांचे काय? प्रश्न योग्य आहे. खेड्यापाड्यांत जुन्या टायरच्या तळव्याच्या चपला पूर्वापार वापरात आहेत. टायरचे रबर रस्ता धरण्यासाठीच बनवलेले असते, आणि ते चिवटही असते. शिवाय त्या माणसांना वाटेवरचा दगड न् दगड ठाऊक असतो. त्यांचे पाऊल लहान पडते, गुडघा मोकळा असतो आणि सपाट चपलेतून तळपायाला जमीन कळते. ही कमाई वर्षांची आहे. वर्षातून एकदा येणाऱ्याने ती गृहीत धरून पातळ चप्पल घालू नये. पण त्यांची चाल मात्र अवश्य पाहावी आणि उचलावी.

आता शिक्षकांचा निर्णय करू. शनिवारी त्यांनी बुटक्या खुंट्यांचा सपाट बूट घालावा. रविवारी मऊ रबराचा, रुंद खाचांचा, टाच घट्ट धरणारा आणि हलका बूट घालावा. दोन जोड घेण्याची ऐपत नसेल, तर दुसऱ्या प्रकारचा एकच जोड घ्यावा. खाचांचा बूट मैदानावर चालून जातो. मैदानाचे खिळे मात्र कातळावर चालत नाहीत. उतरताना वर्ग घेऊन शिक्षक सर्वांत पुढे असतील, तर त्यांच्यामागून घसरणाऱ्या मुलाला अडवायला त्यांचाच पाय रोवलेला हवा. त्यांचा पाय सुटला, तर मागच्या रांगेला आधार राहणार नाही.

तुमच्या शाळेची सहल ठरली असेल, तर आधीच्या आठवड्यात वर्गात चार रकान्यांचा तक्ता करा. प्रत्येकाने आपला एकेक जोड आणावा. आणि पहिली ओळ शिक्षकांच्या बुटासाठी राखून ठेवा.